न लिहिलेली वसियत

मृत्युपत्र हा कथालेखकांचा आवडता कागद आहे. माणूस गेल्यावरही त्याचा शब्द त्या कागदातून घरावर हुकूम चालवतो. तो कपाटात दडवता येतो, चोरता येतो, बदलता येतो आणि शेवटी भर कोर्टात वाचता येतो. कथानकाला लागणारे सारे सामान त्यात आयते मिळते. आमच्या कथांतही हा कागद अधूनमधून येतो. अब्बा वारतात, चहल्लुम झाल्यावर थोरला भाऊ एक कागद काढतो, धाकटा तो खोटा ठरवतो, प्रकरण 'फॅमिली कोर्टात' जाते, वकील उलटतपासणी घेतो आणि शेवटच्या पानावर खरा कागद सापडतो. अशी कथा वाचताना आम्हाला एक प्रश्न पडतो. पात्रांची नावे बदलली तर ही कथा कोणत्या घरातली आहे हे ओळखता येईल काय? बहुतेक वेळा येणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे असा वाद फॅमिली कोर्टात जातच नाही. १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेली कुटुंब न्यायालये पती-पत्नीतील वाद, पोटगी, मुलांचा ताबा अशी प्रकरणे पाहतात. भावाबहिणींनी वडिलांच्या मृत्युपत्राबद्दल भांडायचे ते दिवाणी न्यायालयात. ही चूक लहान आहे आणि एखादा संपादक ती सहज दुरुस्त करील. दुसरी चूक मात्र खोल आहे. आमच्या कथेतला अब्बा आपली सारी इस्टेट एका सहीने कोणाच्याही नावे करतो आणि कथेतले कोणीही 'असे करता येते काय?' म्हणून विचारत नाही. मुस्लिम घरातील वसियतीची कथा खरे तर याच प्रश्नापासून सुरू होते. तो प्रश्न वगळला की उरते ती उसनी कथा.

ही कथा उसनी कोठून आली, हे पाहण्यासाठी भारतीय कादंबरीतील सर्वांत प्रसिद्ध मृत्युपत्र उघडून पाहू. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांची 'कृष्णकान्तेर विल' ही कादंबरी १८७८ साली पुस्तकरूपाने आली. कृष्णकांत हा जमीनदार सोळा आण्यांची वाटणी करतो. दिवंगत भावाचा मुलगा गोविंदलाल याला आठ आणे, हरलाल आणि विनोदलाल या स्वतःच्या दोन मुलांना तीन-तीन आणे, पत्नीला एक आणा आणि मुलीला एक आणा. हरलाल या वाटणीवर संतापतो. चुलतभावाला निम्मे का, हा त्याचा एक आक्षेप. दुसरा आक्षेप आम्हाला अधिक बोलका वाटतो. आईला आणि बहिणीला एकेक आणा तरी कशासाठी, त्यांच्यापुरते अन्नवस्त्र लिहून ठेवले म्हणजे झाले, असे तो बापाला सुनावतो. बाप चिडतो, मृत्युपत्र पुन्हा पुन्हा बदलतो आणि हरलालचा वाटा घटत जातो. मग हरलाल रोहिणी या तरुण विधवेला हाताशी धरून खऱ्या कागदाच्या जागी खोटा कागद ठेववतो. पुढे रोहिणीचे मन गोविंदलालकडे वळते, ती खरा कागद परत ठेवायला जाते आणि पकडली जाते. तेथून कादंबरी मृत्युपत्राकडून माणसांच्या नाशाकडे वळते.

हे सारे घडू शकते, कारण बंगालमध्ये दायभाग पद्धत होती. त्या पद्धतीत बाप जिवंत असेपर्यंत मुलाला मिळकतीत जन्मसिद्ध हिस्सा नसे. आपल्याकडच्या मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा जन्मतःच भागीदार असे. शिवाय १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टने बंगालमध्ये मृत्युपत्र लेखी, सहीचे आणि साक्षीदारांसमोर झालेले असणे आवश्यक ठरवले होते. सारी सत्ता कागदात आली, म्हणून कागद चोरण्याला अर्थ आला. बंकिमचंद्रांचे कथानक इतके घट्ट आहे, कारण ते त्यांच्या प्रांताच्या कायद्यातून उगवले आहे. मरण्यापूर्वी कृष्णकांत गोविंदलालला धडा शिकवण्यासाठी त्याचे आठ आणे त्याच्या पत्नीच्या, भ्रमरच्या नावे करतो. त्याला संसार सावरायचा असतो. प्रत्यक्षात तोच कागद नवराबायकोच्या मध्ये भिंत होऊन उभा राहतो. मृत्युपत्राला चाबूक केले की तो कोणाच्या पाठीवर बसेल ते मारणाऱ्याच्या हाती राहत नाही, हे बंकिमचंद्रांनी दाखवले. लेखकाने आपल्या भोवतालचा कायदा घरातल्या माणसांच्या रक्तात उतरलेला पाहिला, हे या कादंबरीचे यश आहे. आमच्या लेखकांनी त्यांच्याकडून घ्यायचे ते हे पाहणे. त्यांनी घेतली ती फक्त कागदाची चोरी.

दुसरा उसना साचा म्हणजे हयातीतच सर्व देऊन टाकणारा बाप. शेक्सपिअरचा लिअर राजा मुलींना राज्य वाटतो. तोंडपुजेपणा न करणाऱ्या धाकट्या कॉर्डेलियाला काहीच देत नाही. वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) गणपतराव बेलवलकर सर्व काही मुलांना वाटून मोकळे होतात आणि नंतर कावेरीसह दाराबाहेर पडतात. ही दोन्ही नाटके आमच्या वाचकांना आपली वाटतात, कारण असे अब्बा आमच्याही मोहल्ल्यात आहेत. पण लेखकाने एक फरक ओळखला पाहिजे. आमच्या भाषेत ही वसियतीची गोष्ट नव्हे, हिब्याची आहे. हिब्यात देणाऱ्याने देतो म्हणावे, घेणाऱ्याने स्वीकारावे आणि ताबा द्यावा, म्हणजे दान पुरे झाले. हयातीत माणूस सर्वस्वही देऊ शकतो, तेथे तिसऱ्या हिश्शाची मर्यादा नाही. म्हणजे लिअरने कॉर्डेलियाला हयातीत डावलले तर आमचा कायदाही त्याला अडवू शकत नाही. तेथे उभा राहतो तो फक्त नीतीचा प्रश्न. नोमान बिन बशीर यांच्या वडिलांनी एकाच मुलाला भेट दिली, तेव्हा पैगंबरांनी इतर मुलांनाही तसेच दिले आहे काय असे विचारले आणि अशा पक्षपाताला साक्षी राहण्यास नकार दिला, ही हदीस प्रसिद्ध आहे. मात्र शेवटच्या दुखण्यात, म्हणजे मर्ज-उल-मौतमध्ये दिलेली भेट वसियतीसारखीच मानली जाते आणि तिला वसियतीच्याच मर्यादा लागतात. म्हणजे बाप दिवाणखान्यात बसून घर मुलाच्या नावे करतो की पलंगावर पडून, यावर सगळे ठरते. एवढ्या एका फरकावर कथा उभी राहू शकते. आमच्या वाचनात ती अजून आलेली नाही.

आता वसियतीकडे येऊ. सूरह बकराच्या १८० व्या आयतीत मृत्यू जवळ आलेल्या माणसाला आईवडील आणि नातेवाइकांसाठी वसियत करण्यास सांगितले आहे. पुढे सूरह निसाच्या ११ व्या आणि १२ व्या आयतींत वारसांचे हिस्से ठरले. साद बिन अबी वक्कास आजारी असताना त्यांना आपली मालमत्ता सत्कार्यास द्यायची होती आणि त्यांची एकच मुलगी वारस होती. पैगंबरांनी त्यांना एक तृतीयांशावर थांबवले, तेवढेही पुष्कळ आहे असे सांगितले आणि वारसांना हात पसरायला लावण्यापेक्षा संपन्न ठेवून जाणे बरे अशी समज दिली. एका मुलीच्या बापाला दिलेली ही समज आमच्या कथालेखकांनी पुन्हा वाचावी.

आम्ही उर्दू शाळेत अपूर्णांक शिकवतो, म्हणून हिशेब मांडतो. दफनाचा खर्च आणि कर्ज वजा जाता एखाद्याची मालमत्ता ४८ लाख रुपयांची उरली. त्यातून वसियत जास्तीत जास्त १६ लाखांची. राहिले ३२ लाख. वारस पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली असतील तर पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे ४ लाख, मुलाला १४ लाख आणि प्रत्येक मुलीला ७ लाख. चार, चौदा, सात आणि सात, बेरीज ३२. नवव्या शतकात अल-ख्वारिज्मी याने बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वसियती आणि वारशाच्या हिशेबांनी व्यापलेला आहे. ज्या शास्त्राचे नाव ऐकून आमची मुले घाबरतात, त्या शास्त्राच्या उगमाजवळ बहिणीच्या हिश्शाचा हिशेब आहे.

आणि त्या १६ लाखांचीही वसियत हनफी आणि शाफई मतानुसार वारसाच्या नावे करता येत नाही. केलीच तर बापाच्या मृत्यूनंतर इतर वारसांनी संमती दिली तरच ती टिकते. काहींनीच संमती दिली तर ती त्यांच्या हिश्शापुरतीच लागू होते. इस्ना अशरी शिया मतात तिसऱ्या हिश्शाच्या आत वारसालाही वसियत करता येते. पण कोकणातील, मराठवाड्यातील, पश्चिम महाराष्ट्रातील आमचे बहुसंख्य वाचक ज्या घरांतून येतात, तेथे पहिला नियम चालतो. याचा कथेच्या दृष्टीने अर्थ असा की आमच्या घरात निर्णायक क्षण बाप सही करतो तेव्हा येत नाही. तो बापाच्या मृत्यूनंतर येतो, बहीण सही करते तेव्हा.

हा प्रसंग आमच्या प्रत्येक वाचकाला ठाऊक आहे. कोर्टाची पायरी चढलेले फार थोडे असतील, पण हा प्रसंग पाहिला नाही असे घर विरळा. जेवणावळ उरकली आहे, पाहुणे पांगले आहेत, भावाच्या हातात कागद आहे. 'अब्बांची इच्छा होती' एवढे एकच वाक्य बोलले जाते. 'तुझ्या लग्नात दिलेच होते' हे कोणीतरी मामा किंवा खाला बोलते. जहेज म्हणजे विरासत नव्हे, हे मौलवीसाहेबांना माहीत असते, पण त्या दिवशी त्यांना कोणी विचारत नाही. बहिणीला माहेरचे दार दिसत असते. ईदला कोण बोलावील, नवऱ्याने हात उगारला तर कोणाकडे जाऊ, मुलीच्या लग्नात मामा उभा राहील की नाही, हा सारा हिशेब ती मनात करते आणि सही करते. मग सारे म्हणतात, 'बहिणीने माफ केले.' या 'माफ' शब्दावर एक संपूर्ण कादंबरी लिहिता येईल. माफ करायचे ते कर्ज किंवा अपराध. बहिणीने यांपैकी काय माफ केले, हे आमच्या कथेने कधी विचारले आहे काय?

या प्रसंगात भाषेचाही एक पदर आहे आणि शिक्षक म्हणून तो आम्हाला अधिक टोचतो. आमच्या शाळांतील मुली मराठी हा विषय शिकतात, त्यातल्या कविता पाठ करतात, निबंध लिहितात. पण 'लिहून देणार', 'सदर मिळकत', 'हक्कसोडपत्र', 'कुलमुखत्यारपत्र' ही मराठी त्यांना कोणी शिकवत नाही. अब्बांनी शेवटचे शब्द उर्दूत किंवा दखनीत उच्चारलेले असतात. कागद मराठीत टंकलेला असतो. बहीण खाली उर्दूत सही करते. तीन भाषांमधल्या या फटीतून तिचा हिस्सा निसटतो. मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम लेखकाइतके ही फट जाणणारा दुसरा कोण असणार? तरीही आमच्या कथांत सर्व पात्रे एकाच सफाईदार मराठीत बोलतात आणि कागद सर्वांना वाचता येतो.

आमच्या लेखकांनी हा विषय अगदीच टाळला आहे असे नाही. जेथे तो येतो, तेथे दोन ठरीव बहिणी भेटतात. एक त्यागमूर्ती, जी हसत हसत सही करते आणि कथा तिला सलाम करते. दुसरी बंडखोर, जी कागद फाडते आणि कथा टाळ्या घेते. दोघींनाही लेखकाने आधीच गुण देऊन टाकलेले आहेत. पाठाखाली तात्पर्य लिहावे तसा तो शेवट लिहितो. सही करताना जिचा हात थांबतो, जी सही करते आणि नंतर भावाच्या नव्या घराच्या फरश्या मोजते, जी सही करत नाही आणि तरीही दरवर्षी रमजानमध्ये माहेरी इफ्तार पाठवत राहते, ती बहीण कोठे आहे? भाऊही नेहमी खलनायकच का? दुकान चालवून आईवडिलांचे औषधपाणी केलेल्या, बहिणींची लग्ने लावलेल्या भावाला आपण काही हिसकावतो आहोत असे मनापासून वाटत नाही. त्याच्या हिशेबात तो देणेकरी नाही, घेणेकरी आहे. हे पटवून देऊन मग ते कसे चुकीचे आहे हे दाखवणारी कथा अवघड आहे, आणि म्हणूनच ती लिहिली पाहिजे.

येथवर आम्ही जी लिहायला नको ती वसियत पाहिली. पण जी लिहायला हवी ती लिहिली जात नाही, याकडे आम्हाला अधिक लक्ष वेधायचे आहे. तिसरा हिस्सा शरीयतने माणसाच्या हाती ठेवला तो कशासाठी? ज्यांना हिस्सा मिळत नाही पण ज्यांचा आपल्यावर हक्क आहे, त्यांच्यासाठी. बापाच्या हयातीत एक मुलगा वारला आणि दुसरा मुलगा जिवंत असला, तर वारलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबांच्या मिळकतीत वारसा मिळत नाही. हा प्रश्न मुस्लिम देशांनी आपापल्या परीने सोडवला. इजिप्तने १९४६ च्या कायद्याने अशा नातवंडांसाठी सक्तीची वसियत मानली. पाकिस्तानने १९६१ च्या वटहुकमाने त्यांना बापाच्या जागी वारस केले. आपल्याकडे असा कायदा नाही. पण आजोबांच्या हातात तिसरा हिस्सा आहे. ती नातवंडे वारस नसल्यामुळेच त्यांच्या नावे वसियत करायला कोणाचीही संमती लागत नाही. ही वसियत लेखी असण्याचीही सक्ती नाही. दोन माणसांसमोर बोललेले वाक्य पुरते. तरीही घरोघरी आजोबा हे वाक्य न बोलताच जातात. का बोलत नाहीत? मृत्यूचा विषय काढणे अपशकुनी वाटते म्हणून? धाकटा मुलगा रागावेल म्हणून? विधवा सून दुसरे लग्न करील या धास्तीने? या प्रत्येक उत्तरात एक कथा आहे. चोरलेल्या मृत्युपत्रापेक्षा न बोललेले वाक्य शोधणे लेखकाला कठीण जाते, कारण ते कोणत्याच कपाटात सापडत नाही.

कोर्टाची कथाच हवी असेल तर तीही आमच्या इतिहासात आहे. मुंबईत खोजा आणि कच्छी मेमन कुटुंबांतील मुलींनी वडिलांच्या मिळकतीत कुरआनाप्रमाणे हिस्सा मागितला. १८४७ साली सर अर्स्किन पेरी यांनी निकाल दिला की या जमातींची जुनी रूढी मुलींना वारसा देत नाही, म्हणून रूढीच चालेल. विचार करा, कंपनीच्या राज्यातल्या इंग्रज न्यायाधीशासमोर मुस्लिम मुली कुरआनाचा आधार घेऊन उभ्या आहेत आणि त्यांच्याच जमातीतले पुरुष रूढीचा आधार घेऊन समोर उभे आहेत. रूढीची ही पकड सैल व्हायला १९३७ चा शरीयत कायदा यावा लागला, आणि त्यानेही शेतजमीन बाजूला ठेवली. वसियतीला तर तो आपोआप लागलाच नाही, त्यासाठी वेगळे घोषणापत्र करण्याची सोय ठेवली. त्या मुलींवर मराठीत एकही कादंबरी आमच्या वाचनात नाही. उर्दूत राशिद-उल-खैरी यांच्यासारख्या लेखकाने विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्त्रियांच्या वारसाहक्काचा प्रश्न कथा-कादंबऱ्यांत आणि मासिकांत लावून धरला. त्यांच्या कथा आज रडक्या आणि उपदेशी वाटतात हे आम्हाला मान्य आहे. पण विषय कोठे आहे हे त्यांना कळले होते. त्यांच्या अश्रूंच्या जागी आपण निरीक्षण ठेवले तरी पुष्कळ काम होईल.

काही मित्र म्हणतील की घरातली ही धुणी मराठी वाचकांसमोर का धुवायची? आधीच आपल्या कायद्याकडे संशयाने पाहिले जाते. ही काळजी खोटी नाही. पण जो कायदा बहिणीला हिस्सा देतो त्याचा अभिमान सभेत सांगायचा आणि तोच हिस्सा घरात माफ करून घ्यायचा, ही विसंगती लेखकाने नाही सांगायची तर कोणी सांगायची? टीकाकारांना उत्तर म्हणून लिहिलेल्या कथेत माणसे नेहमी वकिलासारखी बोलतात. आमच्या कथेला वकील नको आहेत, साक्षीदार हवे आहेत.

सूरह बकराच्या त्याच ठिकाणी, वसियतीच्या आयतीनंतर, आणखी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. ऐकलेली वसियत जो बदलतो त्याच्यावर गुन्हा आहे. आणि वसियत करणाऱ्याकडून पक्षपात होत आहे असे ज्याला वाटले आणि ज्याने संबंधितांत समेट घडवला, त्याच्यावर गुन्हा नाही. या दुसऱ्या माणसाचे नाव तेथे दिलेले नाही. तो शेजारी असेल, मामा असेल, मशिदीतला मौलवी असेल, थोरली आपा असेल. बाप जिवंत असतानाच तो 'भाई, हे बरोबर होत नाही' असे म्हणतो. आमच्या कथांत चोर आहेत, त्यागमूर्ती आहेत, वकील आहेत. हा माणूस अजून आलेला नाही. पुढच्या वर्षीच्या अंकात तो एखाद्या कथेत भेटला तर आम्ही ती कथा आमच्या दहावीच्या मुलींना आधी मराठीत वाचून दाखवू आणि मग उर्दूत समजावून सांगू.